बाई अशी हाक

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी पुस्तक घेऊन आडवा झालो होतो, तोच आई दाराशी येऊन म्हणाली, "गॅस संपला." एवढेच. सिलिंडर बदल असे ती म्हणाली नाही, उठ असेही म्हणाली नाही. आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखे तिने ते सांगितले आणि ती तिथेच उभी राहिली. मीही पन्नाशीला टेकलेल्या मुलाला शोभेल असे उत्तर दिले, "मग मी काय करू?" आई अशा वेळी वाद घालत नाही. सुटीला आलेल्या माझ्या भाच्याला तिने हाक मारली आणि सांगितले, "मामा उठतोय. तो सांगेल तसं कर." मी उठलो, हे वेगळे सांगायला नकोच. भरलेला सिलिंडर तिरका करून बुडाच्या कडीवर गोल फिरवत ओट्यापर्यंत नेताना माझ्या लक्षात आले की आज गुरुवार आहे आणि संध्याकाळी रोझरीत, म्हणजे आमच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, काना गावचे लग्न येणार आहे, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो बायबलमधला प्रसंग. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली रोझरीत जी पाच नवी रहस्ये, म्हणजे येशूच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, घातली त्यांतले हे दुसरे, आणि ती पाच रहस्ये गुरुवारी म्हणायची असतात.

आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांच्या कानांवर ही कथा लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, इतक्या वेळा पडलेली असते की ती ऐकताना बहुतेकांचे डोळे नवरीच्या झग्याच्या शेपटावर असतात. लहानपणी मला तिच्यातला 'द्राक्षारस' हा शब्द फार आवडे. आमच्या मराठी बायबलने मद्याला दिलेले हे नाव इतके सात्त्विक आहे की कितीतरी वर्षे मी त्या पाहुण्यांच्या हातांत सरबताचे पेले पाहत होतो, आणि सरबत संपले म्हणून एवढा गहजब का व्हावा, हे मला कळत नसे.

गहजब का होतो, ते मला मावशीच्या लग्नात कळले. मांडवात शेवटची पंगत बसायची होती आणि आतून कुजबुज आली की मटण पुरणार नाही. त्या वेळी मुदपाकखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, चेहरा मला अजून दिसतो. तिने आरडाओरडा केला नाही. पदर खोचला, बाहेर खुर्चीवर बसलेल्या माझ्या वडिलांजवळ ती गेली आणि त्यांच्या कानाशी वाकून दोनच शब्द बोलली. वडील म्हणाले, "बाई, लग्न काय माझ्या घरचं आहे?" आणि पुढच्या क्षणी त्यांची सायकल फाटकाबाहेर गेलेली होती. ते कुठून काय घेऊन आले ते मला आठवत नाही, पण पंगत उठली ती तृप्त होऊन. आमच्याकडे लग्नात काय काय होते ते लोक विसरतात. काय पुरले नाही ते मात्र तीन पिढ्या सांगतात.

कानामध्येही अब्रूच पणाला लागली होती, कारण यहुदी लग्नाचा सोहळा आठवडाभर चाले. बायबलमध्ये ही कथा लिहिणारा योहान आरंभी एक गोष्ट सहज लिहून जातो, आणि मला ती फार अर्थपूर्ण वाटते: येशूची आई तेथे होती, आणि येशूला व त्याच्या शिष्यांनाही आमंत्रण होते. एक जण असतो, बाकीच्यांना आमंत्रण असते. आज काना म्हणून दाखवले जाणारे कफर कन्ना तिच्या नाझरेथपासून सात-एक किलोमीटरवर आहे. म्हणजे ती चार दिवस आधीच येऊन तांदूळ निवडायला बसणाऱ्या मावश्या-आत्यांपैकी असणार, असे मी धरून चालतो. (तांदूळ नव्हे, जे काही असेल ते.) म्हणून तर भोजनकारभाऱ्याला ज्याचा पत्ता नव्हता ते तिला ठाऊक होते. ती मुलाकडे येते आणि म्हणते, "त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." मागणे नाही, आज्ञा नाही, प्रश्नही नाही. गॅस संपला.

त्यावर तो जे म्हणतो त्याने पिढ्यान्‌पिढ्या प्रवचनकारांना घाम फोडला आहे. बाई, तुझामाझा इथे काय संबंध, माझी वेळ अजून आलेली नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी सिस्टरना विचारले होते की आईला कोणी बाई म्हणते का. त्यांनी सांगितले की मूळ ग्रीक शब्द आदराचा आहे, आणि ते खोटे नाही. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीला आणि कबरीपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियाला तो याच शब्दाने हाक मारतो. पण मला तेव्हाही वाटले होते आणि आताही वाटते की त्याच्या वतीने एवढी सारवासारव करण्याचे काही कारण नाही. तिशीतला मुलगा, नुकतेच गोळा झालेले चार-पाच शिष्य शेजारी बसलेले, आणि त्यांच्यादेखत आई येऊन लोकांच्या घरातल्या टंचाईची बातमी देते. तो वैतागला असेल तर वैतागू द्यावा. बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडल्यावर, मला का शोधत होता, असे त्याने तिलाच विचारले होते, असे येशूचे चरित्र लिहिणारा दुसरा लेखक लूक सांगतो. म्हणजे सवय जुनी होती.

आणि तिचे उत्तर पाहावे. ती त्याला उत्तरच देत नाही. चाकरांकडे वळून म्हणते, "तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा." नव्या करारात तिच्या तोंडचे यापुढे एकही वाक्य नाही.

पुढचा चमत्कार सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी त्यातल्या रांजणांपाशीच थांबतो. शुद्धीकरणाच्या पाण्याचे सहा दगडी रांजण होते. दगडी अशासाठी की यहुदी नियमांप्रमाणे दगडाला विटाळ लागत नसे. एकेकात ८० ते १२० लिटर पाणी मावे. दहा लिटरची कळशी धरली तरी सहा रांजण काठोकाठ भरायला निदान ४८ खेपा झाल्या असतील. लग्नघरी विहिरीवरून पाणी वाहिलेल्या कोणालाही विचारा, पंधराव्या खेपेनंतर कळशीचा काठ खांद्यात रुततो आणि मनात नाही नाही ते शब्द येतात. संपला होता द्राक्षारस आणि हा माणूस पाणी भरायला लावतो, तरी एकाही चाकराने का म्हणून विचारले नाही. मला वाटते, त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नसावे, तिच्याकडे पाहिले असावे. शेवटी भोजनकारभारी शाबासकी देतो तीही नवरदेवाला. आईने तो द्राक्षारस चाखला की नाही, हे योहान लिहीत नाही. एवढेच लिहितो की त्यानंतर तो, त्याची आई, त्याचे भाऊ आणि शिष्य कफर्णहूमास गेले.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्रात, ही आई, जिचे नावही तो कोठे देत नाही, आणखी एकदाच समोर येते, क्रुसाखाली. कानामध्ये जी आली नव्हती ती वेळ आता आलेली असते, आणि तो तिला पुन्हा त्याच शब्दाने हाक मारतो: "बाई, हा पाहा तुझा मुलगा." हा दुसरा 'बाई' मला लहानपणीही खटकला नव्हता. माझे वडील आपल्या आईला जन्मभर बाईच म्हणत; त्या काळी पुष्कळ घरांत तशी पद्धत होती. त्या एका शब्दात त्यांची कुरकुर असे, लाड असे, आणि सायकल काढून निघण्याची तयारीही असे. आजी गेल्यानंतर वीस वर्षांनी वडील रुग्णालयात होते. शेवटच्या दोन रात्री ते आम्हां कोणालाही ओळखत नव्हते आणि अधूनमधून डोळे मिटूनच "बाई" म्हणत होते. रात्रपाळीची परिचारिका आपल्यालाच हाक मारली असे समजून प्रत्येक वेळी येऊन उभी राहत होती.