बंड्याच्या पेटीतला पावसाळा

जुलैतला शनिवार. ठाण्यात चार दिवस ऊन नव्हतं, दवाखान्यातला कापूससुद्धा दमट लागत होता. एक कॉलेजातला मुलगा आणि त्याची आजी बुटाच्या खोक्यात बिअर्डेड ड्रॅगन जातीचा पाळीव सरडा घेऊन आले. नाव बंड्या.

"डॉक्टर, हा सारखं तोंड उघडतोय."

दिव्याखाली ऊब घेताना हे सरडे तोंड उघडून बसतातच, जास्तीची उष्णता बाहेर टाकायला. म्हणून या तक्रारीला मी लगेच घाबरत नाही. पण बंड्या माझ्या गार टेबलावरही आ वासून होता. नाकपुडीशी बुडबुडा, कानाजवळ धरलं तर बारीक चटचट. फुप्फुसाचा संसर्ग. सरड्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, जोर लावून खोकता येत नाही. आतला चिकटा आतच साठतो. पुढच्या पायात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं.

"पेटीत आर्द्रता किती?"

"40 टक्के. रोज बघतो." त्याने फोटो दाखवला. काटा खरंच 40 वर.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातल्या प्राण्याला हे उत्तम. पण ठाण्यात, जुलैत? मला तो मीटरच खोटारडा वाटला. संध्याकाळी मागवून घेतला. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घातलं आणि झाकण व मीटर रात्रभर हवाबंद डब्यात ठेवले. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर 74 दाखवत होता. बिचारा निर्दोष!

मग फोटो पुन्हा नीट पाहिला. मीटर दिव्याच्या बरोब्बर खाली चिकटवलेला. हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावतं, म्हणून बाष्प तेवढंच असलं तरी टक्का घसरतो. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. मुलाला म्हटलं, "बंड्या झोपतो त्या कोपऱ्यात मीटर ठेव आणि दिवा बंद झाल्यावर बघ."

रात्री साडेअकराला फोटो आला. 88.

त्या कोपऱ्यात चार बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर 'कोरडं पडू नये म्हणून' दिवसातून दोनदा फवारा. मागून आजींचा आवाज: "मी कधीची सांगतेय, पेटीला कुबट वास येतोय. ऐकतंय कोण!" मीही त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

कोकोपीट गेलं, वर्तमानपत्र आलं. फवारा बंद, पाण्याची वाटी लहान, वरची काच काढून जाळी. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट लावून. इंजेक्शनं मात्र चुकली नाहीत. पेटी कोरडी झाली म्हणून संसर्ग जात नाही, हे मुलाला दोनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यात बंड्याने माझं बोट झुरळ समजून धरलं. एक मीटर दिव्याकडे आणि एक कोपऱ्यात, असे दोन ठेवायला मी सांगितलं होतं. मुलाने तीन घेतले. तिसरा आजींच्या पापडांच्या डब्यात आहे.