पहिली गोळी घेतली

आज कॅन्सरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमधली पहिली गोळी घेतली. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये, उपाशीपोटी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच होते कारण हाताला कॅन्युला, म्हणजे रक्त काढायची बारीक नळी, लावून ठेवलेली आणि गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने रक्त, एक तासाने रक्त, मग दोन, चार, सहा, आठ असं चाललेलं. सिस्टर घड्याळ बघूनच रक्त काढायच्या, पाच मिनिटं इकडंतिकडं झालेलं चालत नाही, आणि मधेमधे लागोपाठ तीन-तीन ईसीजी. औषध रक्तात किती चढतं, किती वेळ टिकतं हे त्यांना बघायचंय. बाटलीवर औषधाचं नाव नाही, नुसती दोन अक्षरं आणि आकडे. त्याला अजून नाव मिळालेलंच नाही.

घरी हे सगळं नीट सांगायला बसले की कुणीतरी मधेच तोडतं म्हणून इथं लिहितेय. नणंद म्हणते वहिनी तुमच्यावर प्रयोग करतायत, कशाला सही केली. भाचा फोनवर म्हणतो मावशी आता तू बरी होणार, एकदम नवीन औषध आहे. दोघांचा जीव आहे माझ्यावर, पण खरं दोघांचंही नाही आणि दोन्हीचा त्रास होतो मला.

माझा मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. दोन प्रकारच्या केमो झाल्या, पहिल्या केमोने बोटं बधिर झालीत ती अजून तशीच आहेत, ब्लाउजचे हूक लावायला हे मदत करतात. आधी सीईए (रक्तातला कॅन्सरचा आकडा) खाली आला होता मग परत चढायला लागला आणि स्कॅनमध्ये नवीन गाठी दिसल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता जे औषध उरलंय त्याने थोडे दिवस वाढतील, आणि दुसरी वाट म्हणजे ही फेज वन ट्रायल. त्यातही ज्यांचं हिंडणं फिरणं बरं आहे, लिव्हर किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत अशांनाच घेतात, अगदी खंगल्यावर कुणी घेत नाही. म्हणजे ठरवायचं ते अंगात ताकद असतानाच ठरवावं लागतं, आणि हे कुणी वेळेवर सांगत नाही.

फेज वन म्हणजे काय तर हे औषध माणसाला किती सोसतं ते शोधणं. आमच्या ट्रायलमध्ये तिघांना एक डोस देतात. कुणाला मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढवून. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तीन माणसं, आणि दोघांना झाला की वाढवणं बंद. मी तिसऱ्या डोसच्या गटात आहे. माझ्या आधी कुणीतरी कमी डोस घेऊन हे सगळं रक्त दिलंय, आठ तास असंच पडून राहिलेत, म्हणून आज माझ्यापर्यंत हा डोस आला. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. आज दुपारी पडल्यापडल्या सारखं त्यांचंच मनात येत होतं, ती माणसं कशी असतील, आहेत का अजून.

फायदा किती होतो तेही विचारलं मी. अमेरिकेत 1991 ते 2002 मधल्या साडेचारशेच्या वर अशा ट्रायल एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात गाठ बऱ्यापैकी लहान झालेले किंवा गेलेले लोक साधारण 10 टक्के, आणि औषधानेच मृत्यू झालेले अर्ध्या टक्क्याच्या आसपास. भाच्याने मला इमॅटिनिबचं पाठवलं होतं, 1998 ला फेज वन सुरू झाली आणि 2001 ला औषध मंजूरसुद्धा झालं, एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरचे पेशंट अक्षरशः उठून बसले. खरंय ते. पण त्या आजारात बिघाड नेमका कुठल्या प्रोटीनचा आहे हे आधीच माहीत होतं, माझ्या आजाराचं तसं एकच एक कारण नाही. त्यामुळे दहातली एक हे मी धरून चाललेय, त्याच्या वर नाही आणि शून्य पण नाही.

संमतीपत्र मराठीत होतं, चांगलं जाडजूड. घरी आणून आम्ही दोघांनी दोन रात्री वाचलं. त्यात सरळ लिहिलंय की तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. कधीही कारण न देता बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे 2019 च्या नियमातच आहे. सही करताना कॅमेरा लावला होता. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टात ट्रायलच्या प्रकरणावरून बरंच झालं त्यानंतर ही पद्धत आली, आणि आली ते फार बरं झालं. को-ऑर्डिनेटर मुलगी म्हणाली, काकू काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं, सगळं. सांगताना आवाज कापत होता माझा पण एकदाही अडले नाही, आणि आजार झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी मला विचारतंय, माझ्या मुलाला नाही. आपल्याकडे पेशंट सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं, याची मला मनापासून चीड आहे.

लोक म्हणतात हा त्याग आहे, मला तसंही वाटत नाही. मला जगायचंय, दहातली एक व्हायचंय. आणि नाहीच झाले तर माझ्या रक्ताचे आकडे पुढच्या डोससाठी उपयोगी पडावेत, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी हव्यात.

एक मात्र यांना आणि मुलांना बजावून सांगितलंय, मी थांबा म्हटलं की थांबायचं. उलट्या आणि जुलाबांनी अंथरुणाला खिळून मला स्कॅनची वाट बघायची नाही. हे हो म्हणाले. मुलगा पण म्हणाला. धाकटी काही बोलली नाही, उठून आत गेली. रविवारी ती येतेय तेव्हा परत बोलणार आहे तिच्याशी, तिचं हो मिळेपर्यंत.