बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि एक चिठ्ठी : माझा अनुभव

बाळंतिणीला रडू येतं, हे आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणीही सांगेल. पहिल्या काही दिवसांत येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. बाळ गाढ झोपलं तरी माझा डोळा लागेना, डिंकाचा लाडू घशाखाली उतरेना, बाळाला उचललं तरी आत काहीच हलेना. खरं तर सातव्या महिन्यापासूनच मन असं विझलेलं होतं. गरोदरपणातही नैराश्य येतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

दीड महिन्याच्या लशीला गेलो. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, माझे टाके, बीपी, लोहाच्या गोळ्या, सगळं झालं. मन कसं आहे, हे कोणी विचारलं नाही. मीच सांगितलं, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दूध येतंय ना? मग होईल ठीक." मानसोपचार विभागात पाठवण्याची चिठ्ठी मागितली, तर "आधी घरी बोला." खाली खिडकीवर गेले, तर चिठ्ठीशिवाय केसपेपर निघेना. पुन्हा वर, तर मॅडम ऑपरेशनला. मग खिडकीवरचे म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." बाळ खांद्यावर रडतंय, अंगावर दूध पाझरतंय आणि मी त्या दोन मजल्यांमध्ये. अजून संताप येतो. मी सज्ञान बाई आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार माझ्या उपचाराचा निर्णय मीच घेऊ शकते.

तिथल्याच बाकावरून 14416 लावला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन : सरकारी, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. फोनवरच्या ताईंनी ऐकून घेतलं. नंतर दुसऱ्या दवाखान्यात मानसोपचार ओपीडीत थेट गेले, चिठ्ठी कोणी विचारली नाही. डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली : दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, 30 पैकी गुण. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला "हो" असेल तर बेरीज कितीही येवो, लगेच बोलतात. थायरॉइडही तपासलं, कारण बाळंतपणानंतर तेही बिघडतं.

अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात, पण पाजताय हे आधी सांगा. गुण यायला काही आठवडे लागतात; बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. भास होत असतील, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नवऱ्याला मी नंतर नेलं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, हिला रात्री सलग झोप हवी. तेव्हापासून मध्यरात्रीचं बाळ तो बघतो.