चार टोकांचे अंथरूण

एप्रिल संपत आला की माळ्यावरचे सामान गच्चीवर नेऊन त्याला ऊन दाखवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. यंदा त्या सामानात माझी स्लीपिंग बॅगही निघाली. सोलापुरात या दिवसांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा दुपारी खास थंडीसाठी शिवलेली ती निळी पिशवी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पसरताना मला स्वतःचेच हसू आले. सावलीत अशासाठी, की कडक उन्हात तिचे नायलॉन विरते. आमच्या गाद्यांना असले लाड ठाऊक नाहीत; त्या शेजारीच भर उन्हात पडल्या होत्या.

या पिशवीशी माझे एक जुने भांडण आहे. ती घडी घालून ठेवायची नसते. पुन्हा पुन्हा त्याच रेषांवर घडी पडली की आतले भरण तेथे चेपते आणि ऊब धरून ठेवणाऱ्या हवेला जागा उरत नाही, म्हणून ती तिच्या थैलीत मुठीमुठीने, जशी येईल तशी कोंबायची असते, आणि घरी परतल्यावर तर थैलीतूनही काढून सैल ठेवायची असते. हे कारण मला पटते. माझ्या हातांना पटत नाही.

हातांना वळण लावले ते वडिलांनी. आमचे जुने घर माळवदाचे होते आणि उन्हाळ्यात सगळे घर वर झोपायला जाई. उशाला पाण्याचा तांब्या, त्यावर उपडे फुलपात्र, आणि अंगावर घेण्यासाठी सोलापुरी चादर, जी रात्रभर पायाशीच पडून असे आणि पहाटेच्या वाऱ्यात तेवढी हवीशी वाटे. ऊन अंगावर येण्याआधी अंथरुणे निघालीच पाहिजेत, असा दंडक होता. आई आणि वडील समोरासमोर उभे राहून चादरीची दोन-दोन टोके धरत, एकदा जोराने झटकत, मग एकमेकांकडे चालत येत. वडील आपली टोके आईच्या हाती देत आणि खाली लोंबणारी घडी उचलून पुन्हा मागे सरकत. बोलणे काहीच नसे. आमच्या चादरीवर मोर होते. एका बाजूने किरमिजी जमिनीवर पांढरे, उलट्या बाजूने पांढऱ्या जमिनीवर किरमिजी. मोर मानेत मोडता कामा नये, असा वडिलांचा कटाक्ष होता. त्यानंतर वळकटी होई आणि तिला चामडी पट्टा बसे. कडा एका बोटानेही पुढेमागे झाली, तर वळकटी सोडून पुन्हा बांधावी लागे.

हीच चादर घेऊन मी कॉलेजात असताना डिसेंबरात प्रथम राजगडावर गेलो. सोबत आईने बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती, आणि या दोन वस्तूंइतके शहाणे सामान मी पुढे कधीही पाठीवर घेतले नाही. थंडीचा हिशेब मात्र साफ चुकला. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते; सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास आणि राजगड साडेतेराशेच्याही वर. पद्मावतीच्या देवळात चादर अंगावर लपेटून मी दगडी फरशीवर आडवा झालो आणि अर्ध्या तासात कळले, की थंडी वरून येत नाही, ती खालून येते. शेवटी चादर खाली अंथरली, तर वर काही उरले नाही. ती रात्र मी उजाडण्याची वाट पाहत काढली.

पहिल्या पगारात स्लीपिंग बॅग घेतली. तिच्याखालीही मॅट लागतेच, कारण अंगाखाली दबलेले भरण कामाचे राहत नाही. ती ऊब देते, वजनाला हलकी आहे, आणि तरीही तिच्यात मला आजवर धड झोप लागलेली नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक आहे. पण पाय पसरताच येऊ नयेत असे अंथरूण कोणाला सुचले असेल?

ऊन उतरल्यावर मी गाद्या खाली नेल्या आणि पिशवीकडे वळलो. घडी घालायची नाही, हे मनाशी घोकतच होतो. एवढ्यात आई जिना चढून वर आली. वडील गेल्यापासून ती गच्चीवर क्वचितच येते. तिने काही न विचारता वाकून पिशवीच्या रुंद बाजूची दोन टोके उचलली, ताणून धरली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. दुसऱ्या बाजूने ती पिशवी पायांकडे निमुळती होत जाते.

“अरे, धर की,” आई म्हणाली.