बिनसुईची सिरिंज आणि काटोलचा बगीचा

"चार वर्षं? अन् तेही एका पानावर? बाप्पा!" सीताबर्डीवर माझ्या बॅगेला नवी चेन बसवून घेताना मोठे बाबा एवढंच बोलले होते. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला येऊन मला आता दीड वर्ष झालं, तरी रविवारच्या फोनवर प्रश्न तोच, "काय करून राह्यली वो पोरी तिकडे?" इथे पीएचडी म्हणजे नोकरीच असते, करार असतो, महिन्याला पगार येतो, हे ऐकून ते जरा निवांत झाले. पण काम काय, ते राहिलंच.

माझं झाड अरॅबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातलं, तळहाताएवढं, खायच्या कामाचं नाही. पाच आठवड्यांचं झालं की मी त्याला आजारी पाडते. बिनसुईची १ मिलीची सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवायची, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि दट्ट्या अगदी हळू दाबायचा. जिवाणूंचं पाणी आत पसरताना दिसतं. तेवढा भाग तेल सांडलेल्या कागदासारखा गडद होतो. जोर जास्त झाला की सिरिंजचं तोंड आरपार. पहिल्या महिन्यात किती पानं फाडली, ते गाईडला अजून सांगितलेलं नाही.

शेतात जिवाणूला सिरिंज कोण देणार? तो शिरतो जखमेतून, नाहीतर पर्णरंध्रांतून. त्याच्या शेपटीतला २२ अमिनो आम्लांचा तुकडा पेशीवरच्या एफएलएस-टू नावाच्या प्रथिनाला लागला की पानाला कळतं, कोणीतरी परका आलाय. मग तास-दोन तासांत रंध्रं मिटतात. आई मे महिन्यात सकाळी दहालाच खिडक्या लावून घेते, तसं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गटाने हे २००६ साली दाखवलं, आणि पुढची गंमतही. स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू कोरोनाटिन नावाचं विष सोडतो, ते झाडाच्या स्वतःच्याच एका संप्रेरकासारखं असतं. म्हणजे चोर बाहेरून आईच्या आवाजात "दार उघड गं" म्हणतो. तीन-चार तासांत रंध्रं परत उघडी!

हे मोजायला मी पहिल्यांदा बसले तेव्हा सगळीच रंध्रं बंद निघाली. मी खूश. मग बघते तर नुसत्या पाण्यात ठेवलेल्या पानांचीही बंद. झाडं अंधाऱ्या कपाटातून काढून थेट सूक्ष्मदर्शकाखाली आणली होती. अंधारात रंध्रं मिटतात, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. आठवडा गेला.

मला खरी भुरळ पडते ती त्यानंतरच्या लढाईची. झाडाला रक्त नाही, फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीने आपला पहारा आपणच द्यायचा. जिवाणूने आत सोडलेलं प्रथिन ओळखू आलं तर ती पेशी स्वतःच मरते, शेजारणीही मरतात, आणि जिवाणू त्या मेलेल्या तुकड्यात कोंडला जातो. दुसऱ्या दिवशी पानावर तेवढाच डाग, वाळक्या तेंदूपत्त्यासारखा. बाकी पान हिरवंगार.

हे सगळं ऐकून मोठे बाबा म्हणाले, "मग आपल्या डिंक्याचं औषध सांग." काटोलच्या बगीच्यात दर पावसाळ्यानंतर संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ते. डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, तो येतो मातीतल्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे, त्याचाच एक भाऊबंद इकडच्या बटाट्यांना छळतो. पण माझं काम जिवाणूंवर, तेही पानातल्या. तसं सांगितलं तर लगेच, "बांधावरच्या लिंबाला खैऱ्या आहे, तो पानावरच येते ना?"

आता मात्र मला सावरून बसावं लागलं. खैऱ्या जिवाणूचाच रोग, रंध्रांतून आणि अळीने पोखरलेल्या जागेतून शिरणारा. म्हटलं, पानाच्या खालच्या बाजूचे फोटो पाठवा.

अकरा फोटो आले. सगळे वरच्या बाजूचे, आणि एकात नुसता अंगठा.