पडद्यावरचे हृदय

मानवी शरीर समजावून सांगण्याचे काम दूरचित्रवाणीने फार पूर्वीच हाती घेतले. बीबीसीने १९५८ मध्ये सुरू केलेल्या ‘युअर लाइफ इन देअर हँड्स’ या मालिकेने शस्त्रक्रियागृहाचे दार सामान्य प्रेक्षकासाठी उघडले. त्याने लोक घाबरतील, असा आक्षेप तेव्हा वैद्यकीय वर्तुळातूनच घेतला गेला होता.

कथामालिकांचा हिशेब वेगळा. हृदयाच्या आलेखाची रेषा सपाट होते, डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात आणि रुग्ण डोळे उघडतो, हे दृश्य इतके रुळले आहे की ते चुकीचे असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः झटका दिला जातो तो हृदयाची विस्कळीत, निरुपयोगी थरथर थांबवून त्याला पुन्हा आपली लय पकडता यावी म्हणून. सपाट रेषेत थांबवण्याजोगे काही उरलेलेच नसते, तेथे छातीवर सतत दाब देणे आणि अ‍ॅड्रिनलिन हेच उपाय असतात.

‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या मालिकांतील अशा प्रसंगांची १९९६ मध्ये संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा सुमारे ७५ टक्के रुग्ण तत्काळ वाचलेले आढळले. प्रत्यक्षातील प्रमाण याहून कितीतरी कमी असते, आणि जे वाचतात त्यांच्या मोडलेल्या बरगड्या, थकवा, कधी मेंदूला झालेली इजा यांना कथानकात क्वचितच जागा मिळते. अत्यवस्थ नातेवाइकाबाबत निर्णय घेणारी कुटुंबे मात्र बहुधा हीच दृश्ये मनात ठेवून डॉक्टरांसमोर बसतात.