क्लचचा पाय

"मॅडम, क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलाय," असं म्हणत ते आत आले, तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वय 41. स्वतःची पिकअप. गिरणारे, दिंडोरीकडून टोमॅटो भरायचे आणि पंचवटीच्या बाजार समितीत उतरवायचे. कॅरेट उचलायलाही स्वतः हात लावायचे. मखमलाबाद नाक्याजवळच्या माझ्या फिजिओथेरपी सेंटरला असे गुडघे रोज येतात. एक्स-रे सोबत होता, त्यात गुडघा चांगला दिसत होता. मी शेक दिला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि पुढचे तीन आठवडे चुकीच्या सांध्यावर मेहनत घेत राहिले.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या बायको पहिल्यांदाच सोबत आल्या. दादा कॉटवर बसून मोजा घालत होते, तर त्या चटकन खाली वाकल्या आणि मोजा त्यांनीच चढवला. रोजची सवय असल्यासारखा.

"घरीपण तुम्हीच घालता?"

"हो ना ताई. खाली बसणं तर बंदच झालंय यांचं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पाटावर बसले नाहीत. उभ्यानेच उटणं लावलं मी."

मी म्हटलं, "दादा, मांडी घाला बघू."

उजवा पाय दुमडला. डावा गुडघा मात्र वर हवेतच राहिला. मग त्यांना उताणं झोपवलं, पाय खुब्यात आणि गुडघ्यात काटकोनात धरला आणि पाऊल हळूच बाहेर नेलं. असं केलं की खुबा आतल्या बाजूला फिरतो. उजवीकडे 30 अंश सहज मिळाले. डावीकडे 10 अंशांवरच त्यांनी कॉटची कड घट्ट धरली. दुखलं ते जांघेत. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, हे आम्हाला शिकत असतानाच सांगितलेलं असतं. गुडघ्याची तक्रार आली तर खुबा तपासायचाच, हेही. मी तपासला नव्हता.

करोना झाला होता का, स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली होती का, हे मी लगेच विचारलं. 2021 नंतर स्टेरॉइडमुळे खुब्याचा गोळा खराब झालेले पेशंट इतके चर्चेत होते, की 'एव्हीएन', म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरणं, हा शब्द रिक्षावाल्यांच्याही तोंडी आला होता. उत्तर 'नाही' असं आलं. आता दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो माझ्या तोंडातून निघेना. समोर कष्टाळू, अदबीनं बोलणारा माणूस, शेजारी त्याची बायको. "तुम्ही पिता का?" असं विचारणं म्हणजे त्याच्यावर शिंतोडा उडवल्यासारखं वाटतं. या संकोचापायीच तीन आठवड्यांपूर्वी मी तो विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"दादा, घेता का कधी?"

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. "गाडी खाली झाली की अंग आंबतं, मॅडम. जास्त नाही. रोज एक क्वार्टर."

"किती वर्षं?"

उत्तर त्यांनी दिलं नाही, वहिनींनी दिलं. "धाकटीच्या बारशाच्या आधीपासून. ती आता आठवीत आहे."

व्यायामाच्या कागदामागे मी हिशेब मांडला. क्वार्टर म्हणजे 180 मिली. त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. आठवड्याचे 420 च्या वर. खुब्याच्या या आजाराला दारूमुळे झालेला म्हणायचं तर आठवड्याला 320 ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, तेही सहा महिन्यांहून अधिक काळ, अशी सीमा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 मध्ये ठरवली आहे. ज्याला ते 'जास्त नाही' म्हणत होते, ते त्या सीमेच्या कितीतरी पुढे होतं. पिणाऱ्या प्रत्येकाचा खुबा जातो असं नाही. पण इजा झालेली नसताना हा आजार झाला, तर स्टेरॉइड आणि दारू हीच दोन मोठी कारणं निघतात.

त्याच दिवशी मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये डावा गोळा खचलेला दिसला. उजवीकडेही सुरुवात झालेली होती, जिथे त्यांना अजून काहीच दुखत नव्हतं.

रिपोर्ट घेऊन दोघं परत माझ्याकडे आले. मी सांगितलं, मांडीच्या हाडाच्या टोकाला जो गोळा असतो, त्याला रक्त अगदी बारीक वाटांनी मिळतं. रोजच्या दारूने चरबी वाढते, हाडाच्या आतला दाब वाढतो, त्या वाटा तुंबतात. आतलं हाड मरतं. बाहेरून गोळा बराच काळ गोल दिसतो, आणि मग एक दिवस अंगाच्या वजनाखाली बसतो.

दादा म्हणाले, "कॅरेटच्या तळातला टोमॅटो."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

"आता सोडली तर भरून येईल?" वहिनींनी विचारलं. खचलेला गोळा भरून येत नाही, हे सांगताना मला त्यांच्याकडे पाहवेना. पण बाकीच्या हाडांचं तसं नाही. हाड रोज थोडं झिजतं, थोडं बांधलं जातं. दारू त्या बांधणाऱ्या पेशींनाच मंदावते. त्यात लिव्हर बिघडलं तर ड जीवनसत्त्वाचं काम अडतं. शिवाय दारूने जेवण तुटतं, मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. दारू थांबली की बांधकाम पुन्हा सुरू झाल्याच्या खुणा काही आठवड्यांत रक्तात दिसू लागतात.

"मग आजपासून बंद," दादा म्हणाले आणि मी घाबरले. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकट्याने, एकदम सोडायची नसते. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. फिटमध्ये पडून हाड मोडलेले लोक मी पाहिले आहेत. "डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून हे लपवायचं नाही," हे मी दोनदा सांगितलं. वहिनींनी ते कागदावर लिहून घेतलं.

डावा खुबा बदलला. उजव्यात भोकं पाडून आतला दाब कमी केला. ऑपरेशनआधी औषधांच्या आधाराने दारू सुटली. अधूनमधून त्यांना फार जड जातं, ते स्वतः सांगतात. मांडी घालून पंगतीला बसता येणार नाही, हे ऐकून मात्र बराच वेळ ते गप्प होते.

माझ्या केसपेपरवर आता नावानंतर लगेच एक ओळ आहे: दारू, किती, किती वर्षं. गुडघा असो, पाठ असो, मान असो, मी सगळ्यांना विचारते.

दादा दर मंगळवारी येतात. आधी चालणं तपासते, मग उजवा खुबा फिरवून पाहते. या मंगळवारी 30 अंशच भरले. पहिल्यांदा मोजले तेव्हाइतकेच.